आधी पिसू, मग उंदीर : रानातल्या बिळांवर पिसूनाशक धुरळणी कशी करावी

गावात उंदीर मरून पडू लागले की पहिला हात जातो तो उंदराच्या औषधाकडे, आणि चूक नेमकी तिथेच होते. प्लेगचा जंतू उंदरापासून माणसापर्यंत पोचवते ती उंदराच्या अंगावरची पिसू. उंदीर मेला आणि त्याचे अंग गार पडू लागले की पिसवा त्याला सोडतात आणि जवळच्या उबदार अंगाकडे वळतात. ते अंग दुसऱ्या उंदराचे असेल, मांजराचे असेल किंवा पडवीत सतरंजीवर निजलेल्या माणसाचे असेल. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत पिसूचा हा संबंध प्रयोगाने दाखवला. म्हणून पुढच्या साऱ्या कामाचा क्रम एकच आहे आणि तो कोणत्याही घाईत उलटवू नये : आधी पिसू मारावी, ती कमी झाल्याची खात्री करावी आणि मगच उंदराकडे वळावे.

मराठवाड्याने याची किंमत मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाला वर्ष होत आले असताना, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला या गावात आधी उंदीर पडले, मग घराघरांत पिसवांचा उपद्रव सुरू झाला आणि महिना संपता संपता जांघेत गाठ आलेले तापाचे रुग्ण दिसू लागले. पिसवांची तक्रार आणि पहिले रुग्ण यांच्यामध्ये सुमारे तीन आठवडे गेले होते. हे तीन आठवडे म्हणजेच धुरळणीची वेळ होय. ताप सुरू झाल्यावर धुरळणी करावीच लागते, पण तोवर बराच उशीर झालेला असतो.

रानातला प्लेग गावात कसा येतो, हे समजले तर कुठे काम करायचे ते आपोआप ठरते. आपल्याकडे या जंतूला वर्षानुवर्षे सांभाळून ठेवणारा प्राणी म्हणजे जर्बिल हा रानउंदीर. त्याचे मागचे पाय लांब असतात, शेपटीच्या टोकाला काळसर केसांचा झुबका असतो, आणि तो मोकळ्या रानात, बांधावर, पडीक जमिनीत बिळे करून राहतो. सुगीनंतर रानात खायला उरत नाही, आणि खळे, कडब्याची गंजी, उकिरडा, परसातले धान्य अशा जागी रानउंदीर, घुशी आणि घरचे उंदीर एकमेकांच्या वाटेवर येतात. तिथे पिसवांची अदलाबदल होते. त्यामुळे सगळे शिवार धुरळत बसण्याची गरज नसते. गावाला लागून असलेला रानाचा पट्टा, गंजींच्या कडा आणि गावाभोवतीचे बांध यांवरच आधी लक्ष द्यावे.

पहिली पायरी कळवण्याची. एका जागी कारण नसताना दोन-तीन उंदीर मेलेले दिसले, त्यांना कोणी विष घातलेले नसेल, तर त्याच दिवशी आशा कार्यकर्तीला, ग्रामपंचायतीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला सांगावे. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, शेपटीला धरून उकिरड्यावर भिरकावू नये आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नये. शक्य झाल्यास त्यावर व भोवती पिसूनाशक भुकटी टाकावी, आरोग्य कर्मचारी येईपर्यंत तो घमेल्याखाली झाकून ठेवावा आणि घमेल्यावर दगड ठेवावा. तपासणीसाठी नमुना कसा न्यायचा ते कर्मचारी ठरवतील. बंगळूरु येथे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचे प्लेग सर्वेक्षण पथक आहे आणि उंदरांच्या रक्तावरून रानात जंतू फिरतो आहे का, हे तिथे तपासता येते. नमुना नको असे सांगितले गेले, तर हातमोजे घालून, प्लास्टिकची पिशवी उलटी करून उंदीर आत घ्यावा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून घट्ट बांधावी आणि विहिरीपासून दूर खोल पुरावी.

दुसरी पायरी चालती बिळे शोधण्याची. बांधावर पन्नास तोंडे दिसली तरी त्यांतली निम्मी ओसाड असू शकतात. संध्याकाळी उन्हे उतरल्यावर ठरवलेल्या पट्ट्यातली सगळी तोंडे ओल्या मातीने पायाने बुजवावीत आणि सकाळी लवकर जाऊन पाहावे. जे तोंड रात्रीत पुन्हा उघडले, ज्याच्या कडेची माती ताजी आणि गुळगुळीत आहे, ते चालते बीळ. तिथे चुन्याची फक्की टाकावी किंवा काठी रोवावी, म्हणजे धुरळणीच्या वेळी शोधाशोध होत नाही. घुशीचे बीळ मात्र या परीक्षेत फसवते, कारण घूस स्वतःच तोंड मातीने बंद करते. तिथे उकरलेल्या ताज्या मातीचा ढीग हीच खूण समजावी. कोणत्याही बिळात हात घालू नये, कारण उंदराच्या बिळात साप आणि विंचूही राहतात.

तिसरी पायरी पिसवा मोजण्याची आणि ती प्रशिक्षित माणसांनीच करावी. त्यांची पद्धत साधी असते. लवचीक तारेच्या टोकाला पांढऱ्या फलालीनच्या कापडाचा तुकडा बांधतात, तो हळूहळू बिळात सरकवतात, थोडा वेळ आत ठेवतात आणि बाहेर काढताच पिशवीत घालून पिशवीचे तोंड आवळतात. भुकेलेली पिसू हालचाल आणि उबेचा माग काढत त्या कापडावर चढते. पिशवी उजेडात धरली की पांढऱ्यावर ती स्पष्ट दिसते : तिळापेक्षा लहान, तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी, आणि बोटाने दाबली तरी सहजी न चिरडणारी. दुसरी पद्धत पिंजऱ्यांची. पकडलेले उंदीर कापडी पिशवीत घेऊन त्यांचे केस पांढऱ्या ट्रेवर विंचरतात आणि पडलेल्या पिसवा मोजतात. समजा २० उंदरांवर झेनोप्सिला चेओपिस या जातीच्या ३० पिसवा मिळाल्या, तर दर उंदरामागे प्रमाण दीड झाले. हे प्रमाण एकाच्या वर गेले की धोक्याची खूण मानली जाते. गावकऱ्यांनी हा आकडा आरोग्य पथकाला आवर्जून विचारावा आणि ग्रामपंचायतीत लिहून ठेवावा, कारण धुरळणीचा उपयोग झाला की नाही, हे पुढे याच आकड्यावरून कळणार असते.

चौथी पायरी धुरळणीची. औषध उंदराच्या अंगावर पोचवायचे असते, म्हणून इथे पातळ फवारणीपेक्षा कोरडी भुकटी उपयोगी पडते. भुकटी आरोग्य विभागाने दिलेलीच वापरावी, पिकाची उरलेली कोणतीही पावडर वापरू नये. जगभर यासाठी ५ टक्के मॅलॅथिऑन, ०.५ टक्के परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशा भुकट्या वापरल्या गेल्या आहेत. डीडीटीला न जुमानणाऱ्या पिसवा भारतात अनेक दशकांपासून आढळत आहेत, त्यामुळे जुन्या आठवणीवर विसंबून डीडीटी मागू नये. अमेरिकेच्या पश्चिम भागात प्रेअरी डॉग या बिळात राहणाऱ्या प्राण्यांच्या वसाहतीत ०.०५ टक्के डेल्टामेथ्रिनची भुकटी दर बिळाला साधारण ४ ते ६ ग्रॅम टाकतात. म्हणजे फार थोडी लागते. आपल्याकडे मात्र वेष्टणावरचे आणि पथकाने सांगितलेले मापच पाळावे.

दिवस कोरडा आणि वारा मंद असावा. सकाळची वेळ बरी. पाऊस येणार असेल तर काम पुढे ढकलावे, कारण ओली झालेली भुकटी चिखलाला चिकटते आणि उंदराच्या केसांत जात नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा घालावा, पँटचे पाय मोज्यांत खोचावेत आणि मोजे शक्यतो पांढरे घालावेत, म्हणजे चढणारी पिसू दिसते. वारा पाठीवर घेऊन उभे राहावे. धुरळणी यंत्राची नळी बिळाच्या तोंडात वीतभर घालून एक-दोन हलके दाब द्यावेत, जेणेकरून आतल्या वाटेवर भुकटीचा पातळ थर बसेल. मग तोंडाभोवती आणि उंदराच्या नेहमीच्या वाटेवर हातभर पट्टा टाकावा. बीळ बुजवू नये. रात्री उंदीर येता-जाता ही भुकटी पायांना, पोटाला लावून घेतो आणि स्वतःच घरट्यापर्यंत नेतो. घरट्यापर्यंत ती जाणे फार महत्त्वाचे आहे, कारण पिसूची अंडी घरट्यात पडतात आणि अळ्या तिथल्याच केरावर आणि मोठ्या पिसवांच्या रक्तमिश्रित विष्ठेवर वाढतात. उंदराच्या अंगावर दिसतात त्या केवळ पूर्ण वाढलेल्या पिसवा.

विहीर, ओढा, शेततळे यांच्या काठावर धुरळणी करू नये, कारण परमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन माशांना फार घातक असतात आणि मधमाश्यांनाही. परमेथ्रिनने मांजरे दगावू शकतात. कोंबड्या दोन दिवस डालाखाली ठेवाव्यात, शेळ्या त्या बांधावर सोडू नयेत. काम झाल्यावर कपडे वेगळे धुवावेत, साबणाने अंघोळ करावी आणि त्याआधी तंबाखू, विडी, पाणी यांपैकी काहीही तोंडात घेऊ नये. मॅलॅथिऑनच्या कामानंतर कोणाला घाम, लाळ, मळमळ किंवा अंधुक दिसणे सुरू झाले, तर त्याला लगेच दवाखान्यात न्यावे आणि औषधाचे वेष्टण सोबत घ्यावे.

पाचवी पायरी थांबण्याची, आणि गावाला हीच सर्वांत जड जाते. काही दिवसांनी पथकाने पुन्हा बिळांत फलालीनचे कापड फिरवून किंवा पिंजरे लावून पिसवा मोजाव्यात. कोषातल्या पिसवांवर भुकटीचा सहसा परिणाम होत नाही आणि त्या मागाहून बाहेर पडतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी तिसरी मोजणी करावी आणि प्रमाण पुन्हा चढलेले दिसले तर धुरळणी पुन्हा करावी. प्रमाण खाली आल्याचे पथकाने सांगितल्यावरच उंदराचे विष, म्हणजे झिंक फॉस्फाईडचे आमिष किंवा ब्रोमॅडिओलोनच्या वड्या, बाहेर काढावे. मधल्या काळात उंदीर दिसत राहतील, लोक चिडतील, दुकानातून विषाची पुडी आणायला निघतील. सरपंचांनी आणि शिक्षकांनी त्यांना थांबवावे आणि कारण समजावून सांगावे.

थांबण्याच्या या दिवसांत घराकडे पाहावे. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे, गंजी घराच्या भिंतीपासून दूर रचावी आणि जमिनीवर न झोपता खाटेवर झोपावे. मांजराला प्लेग होतो आणि ते मेलेला उंदीर घरात आणते, म्हणून मांजर अंथरुणात घेऊ नये. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवर पशुवैद्यकांना विचारून वेगळे औषध लावावे.

धुरळणी सुरू असताना आणि तिच्यानंतरचे काही आठवडे गावात कोणालाही अचानक थंडी वाजून ताप आला, जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ आली, किंवा तापासोबत खोकल्यातून रक्त पडू लागले, तर घरगुती उपायात एक रात्रही घालवू नये. पिसू चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण १ ते ७ दिवस जातात, आणि पहिल्या दिवशीच प्रतिजैविक सुरू झाले तर हा आजार बरा होतो. खोकणाऱ्या रुग्णाला मास्क लावावा आणि वेगळे बसवावे. डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता, आमच्या गावात उंदीर पडले आहेत, हे वाक्य आपणहून आणि सर्वांत आधी सांगावे.