पंपाचा ऑटो स्टार्टर व्हेरिलॉगमध्ये कसा मांडावा

निफाड किंवा दिंडोरीच्या शिवारात विहिरीवरच्या पॅनेलमधला ऑटो स्टार्टर वीज आल्याबरोबर मोटर सुरू करत नाही. तिन्ही फेज मिळत आहेत याची खात्री करून तो काही वेळ थांबतो आणि मगच कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा विद्युतचुंबकी स्विच, ओढतो. व्हेरिलॉगसारखी हार्डवेअर वर्णन भाषा, म्हणजे सर्किट मजकुरात लिहून मांडण्याची भाषा, शिकू पाहणाऱ्या नाशिकच्या तंत्रनिकेतन व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी, तसेच सातपूर-अंबडमध्ये पॅनेलचे काम करणाऱ्या तंत्रज्ञांनी, एलईडी लुकलुकवून झाला की हेच सर्किट हाती घ्यावे, कारण त्यात डिजिटल आणि ॲनालॉग असे दोन्ही भाग आहेत.

भाषेच्या निवडीत फार वेळ घालवू नये. व्हीएचडीएल या दुसऱ्या अशा भाषेचे आयईईई (विद्युत अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संस्था) मानक १९८७ चे, व्हेरिलॉगचे १९९५ चे, आणि व्हेरिलॉगचाच विस्तार असलेल्या सिस्टिमव्हेरिलॉगचे २००५ चे. तिन्ही आजही वापरात आहेत. सिम्युलेशनसाठी आयकॅरस व्हेरिलॉग आणि वेव्हफॉर्म (सिग्नलचे वेळेनुसार आलेख) पाहण्यासाठी जीटीकेवेव्ह ही दोन्ही साधने मोफत असून साध्या संगणकावर चालतात, म्हणून येथे व्हेरिलॉग घेतले आहे.

पहिले काम कागदावरचे आहे. बंद, प्रतीक्षा आणि चालू अशा तीन अवस्था काढाव्यात. तिन्ही फेज आल्या की बंदमधून प्रतीक्षेत, ३० सेकंद पूर्ण झाले की चालूमध्ये, आणि एकही फेज गेली तर कोणत्याही अवस्थेतून थेट बंदमध्ये, असे बाण दाखवावेत. त्याशेजारी कोणती रजिस्टरे (किंमत साठवणारे भाग) लागतील आणि त्यांची रुंदी किती बिट, हे लिहावे. सी किंवा पायथॉन येणारे विद्यार्थी हा टप्पा गाळतात आणि ओळीमागून ओळ चालणारा प्रोग्रॅम लिहू लागतात. व्हेरिलॉगमध्ये मात्र लिहिलेला प्रत्येक ब्लॉक म्हणजे एकाच वेळी जागे असलेले सर्किट असते, त्यामुळे जे काढता येत नाही ते लिहूही नये.

आता सेकंद मोजणे. एफपीजीए (हवे ते डिजिटल सर्किट उतरवता येणारी चिप) बोर्डावरचा क्लॉक, म्हणजे सर्किटला ताल देणारा सिग्नल, ५० मेगाहर्ट्झचा असेल, तर काउंटरने ० पासून ४,९९,९९,९९९ पर्यंत जाऊन एका क्लॉकपुरती टिक, म्हणजे दर सेकंदाला एक छोटा इशारा, द्यावी. ही टिक दुसऱ्या काउंटरला परवानगी म्हणून द्यावी, त्याचा क्लॉक म्हणून कधीही नव्हे. संपूर्ण सर्किटचा क्लॉक एकच ठेवावा. सिम्युलेशनमध्ये पाच कोटी क्लॉक थांबणे कंटाळवाणे असते आणि वेव्हफॉर्मची फाइलही अवाढव्य होते, म्हणून ही मर्यादा पॅरामीटर (बाहेरून बदलता येणारी किंमत) करून टेस्टबेंचमध्ये, म्हणजे सर्किटला चाचणीचे सिग्नल देणाऱ्या कोडमध्ये, १० ठेवावी. यात एक खोच आहे. २५ बिटांत सर्वांत मोठी संख्या ३,३५,५४,४३१ मावते. कोणी काउंटर २५ बिटांचा ठेवला तर १० च्या मर्यादेवर सारे सुरळीत दिसते, पण खऱ्या मर्यादेवर टिक कधीच येत नाही. काउंटर २६ बिटांचा हवा, आणि वेव्हफॉर्म न साठवता, फक्त टिक आल्यावर वेळ छापणारी एक पूर्ण लांबीची चाचणी एकदा तरी चालवावी.

क्लॉकवर चालणाऱ्या ब्लॉकमध्ये नॉन-ब्लॉकिंग म्हणजे बाणासारखी (<=) नेमणूक वापरावी. याचे कारण फेजच्या सिग्नलवरच दिसते. तो आपल्या क्लॉकशी जुळलेला नसतो, म्हणून त्याला एकापाठोपाठ दोन फ्लिप-फ्लॉपमधून (क्लॉकच्या ठोक्यावर एक बिट साठवणारे भाग) आत घ्यावे लागते. तेथे साधे बरोबरचे चिन्ह वापरून आधी पहिल्याला आणि मग दुसऱ्याला किंमत दिली, तर दोघांनाही तीच किंमत त्याच क्षणी मिळते आणि दोन टप्प्यांचा एकच टप्पा उरतो. क्लॉक नसलेल्या ब्लॉकमध्ये साधे बरोबर चालते. तेथे प्रत्येक आउटपुटला सुरुवातीलाच एक किंमत द्यावी, नाहीतर एखादी शाखा राहून जाते आणि नको असलेला लॅच, म्हणजे जुनी किंमत धरून ठेवणारा भाग, तयार होतो.

टेस्टबेंच चालवल्यावर जीटीकेवेव्हमध्ये काउंटर शेवटपर्यंत लाल दिसला, तर रीसेट तपासावा: अज्ञात किमतीत एक मिळवला तरी उत्तर अज्ञातच राहते. त्यानंतरची चाचणी बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे प्रतीक्षेच्या सतराव्या सेकंदाला एक फेज काढून लगेच परत देणे. मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली पाहिजे. अठरापासून पुढे गेली, तर अवस्था बदलताना काउंटर पुसलेला नाही.

ॲनालॉग भागाची विचारपद्धतीच निराळी आहे. फेजचा व्होल्टेज कमी करून, रेक्टिफाय करून, १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडच्या फिल्टरमधून कंपॅरेटरला (व्होल्टेज ठरावीक पातळीशी ताडणारा भाग) द्यायचा असेल, तर ते व्हेरिलॉग-ए या ॲनालॉग सर्किटांच्या भाषेत लिहिता येते. तेथे किंमत नेमायची नसते, संबंध सांगायचा असतो: कपॅसिटरमधील प्रवाह म्हणजे धारकता गुणिले व्होल्टेजच्या बदलाचा दर. किर्चहॉफचे नियम लावून समीकरणे सोडवण्याचे काम सिम्युलेटर करतो. या फिल्टरचा कालस्थिरांक ०.१ सेकंद येतो, म्हणजे ०.१ सेकंदात आउटपुट अंतिम किमतीच्या सुमारे ६३ टक्क्यांपर्यंत चढते. कंपॅरेटरला चालू होण्याची आणि बंद होण्याची पातळी वेगवेगळी द्यावी, अन्यथा व्होल्टेज सीमेवर डोलू लागला की कॉन्टॅक्टर कडकड वाजत राहील. डिजिटल भागाशी एकत्र चाचणी करायची असल्यास दोन्ही प्रकार एकत्र मांडणारी व्हेरिलॉग-एएमएस ही भाषा आहे. मात्र डिजिटल वर्णनाचे सिंथेसिस (सर्किटमध्ये रूपांतर) होऊन जसे गेट आणि फ्लिप-फ्लॉप मिळतात, तसे व्हेरिलॉग-ए मधून रेझिस्टर-कपॅसिटर मिळत नाहीत. ते मॉडेल असते, आणि प्रत्यक्ष सर्किट माणसालाच रचावे लागते.

बोर्डावर उतरवताना तीन फेजच्या जागी तीन स्विच आणि कॉन्टॅक्टरच्या जागी एलईडी ठेवावा. एफपीजीएच्या पिनवर बहुधा ३.३ व्होल्ट असतात. ४१५ व्होल्टची लाइन तेथे ऑप्टोकप्लरसारख्या (प्रकाशाने सिग्नल पोचवणारा भाग) विलगीकरणाशिवाय आणू नये, आणि कॉन्टॅक्टरची कॉइल पिनवरून थेट न चालवता मध्ये ट्रान्झिस्टर व रिले घालावा.