कस्टम डिक्लरेशनच्या कामात नवीन येताय? आधी माल बघायला शिका

नवीन मुलं-मुली हमखास विचारतात की आता सगळं ऑनलाइन झालंय तर आयात-निर्यातीच्या मालाची माहिती कस्टमला देण्याच्या या कामात शिकण्यासारखं उरलंय काय, फॉर्म भरायचा नि सबमिट करायचा. मी या लाइनीत आले तेव्हा कागदाचाच जमाना होता, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (म्हणजे बी/एल, माल जहाजावर घेतल्याची शिपिंग लाइनची पावती), ओरिजिन सर्टिफिकेट असा गठ्ठा घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचं, जागोजागी शिक्के, आणि तीच माहिती चार-चार फॉर्मवर हाताने उतरवायची. एकावर ४८० आणि दुसऱ्यावर ४०८ पडलं की परत पहिल्यापासून. त्या दिवसांची मला अजिबात ओढ नाही. पण कागद गेला म्हणून काम सोपं झालं असं समजून कुणी आलं तर पहिल्याच महिन्यात दमछाक होते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, कागद स्कॅन करून पीडीएफ चढवणं म्हणजे आधुनिकीकरण नाही. पीडीएफमधला आकडा शेवटी कुणीतरी माणूसच वाचतो, वेळ तेवढाच जातो. खरा बदल कुठे होतो, तर मुळात किती वेळा आणि काय विचारायचं हे कमी केलं की. युरोपात १९८८ पासून सॅड, म्हणजे सिंगल ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डॉक्युमेंट, नावाचा ५४ रकान्यांचा एकच फॉर्म आला, तो कागदीच होता, पण वेगवेगळ्या देशांचे वेगवेगळे फॉर्म जाऊन सगळीकडे तेच रकाने झाले, आणि पुढे कॉम्प्युटरवर जाणं त्यामुळे सोपं पडलं. सिंगापूरने १९८९ मध्ये ट्रेडनेट सुरू केलं, म्हणजे एकदाच माहिती द्यायची आणि कस्टम, परवाने देणारी खाती, सगळ्यांनी ती तिथूनच घ्यायची. यालाच सिंगल विंडो म्हणतात. अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेची असायकुडा ही कस्टमची कॉम्प्युटर सिस्टिम तर अनेक विकसनशील देशांत चालते. डब्ल्यूटीओचा ट्रेड फॅसिलिटेशन करार २२ फेब्रुवारी २०१७ ला लागू झाला, त्यात सिंगल विंडो, माल पोचायच्या आधीच डिक्लरेशन करायची सोय, ॲडव्हान्स रूलिंग, म्हणजे कुठला कोड लागेल यासारख्या प्रश्नावर कस्टमकडून आधीच लेखी निर्णय घेणं, हे सगळं आहे. हा करार एकदा तरी नीट वाचा, रोजच्या कामातल्या किती सोयींचं मूळ तिथे आहे ते कळतं.

आता माझी एक चूक सांगते. प्रत्येक मालाला डिक्लरेशनमध्ये एचएस कोड, म्हणजे हार्मोनाइज्ड सिस्टिम या जगभरच्या वर्गवारीतला आकडा, टाकावा लागतो, आणि ही वर्गवारी सेक्शन, चॅप्टर, हेडिंग अशी लावलेली असते, सोबत त्यांच्या नोट्स असतात. पंपाचे रबरी गॅस्केट आले होते, इन्व्हॉइसवर स्पष्ट लिहिलेलं 'पंप पार्ट्स', मी बिनधास्त ८४१३.९१ टाकलं, पंपांचे भाग. स्क्रीनने काही तक्रार केली नाही, कोड अस्तित्वात आहे म्हटल्यावर सिस्टिम कशाला अडवेल. दोन दिवसांनी क्वेरी आली. सेक्शन १६ ची पहिलीच नोट सांगते की मशीनमध्ये वापरायच्या साध्या, म्हणजे कडक नसलेल्या, व्हल्कनाइज्ड रबराच्या वस्तू या सेक्शनमध्ये येतच नाहीत, त्या ४०१६ मध्ये जातात, आणि गॅस्केटला तर तिथे ४०१६.९३ असा स्वतःचा सबहेडिंग आहे. मी नोट वाचलीच नव्हती, सर्च बॉक्समध्ये पंप टाइप करून जे आलं ते उचललं होतं. कोड दुरुस्त करायचा, ड्युटीचा फरक भरायचा, तोपर्यंत कंटेनर यार्डात आणि डेमरेज, म्हणजे माल अडकून पडल्याचा दंड, चालू. तेव्हापासून माझा नियम, आधी वस्तू कशाची बनलीय, काय काम करते हे पार्टीला, म्हणजे ज्याचा माल आहे त्याला, विचारायचं, फोटो किंवा कॅटलॉग मागवायचा, मग सेक्शन आणि चॅप्टरच्या नोट्स, आणि सर्च बॉक्स सगळ्यात शेवटी. एचएस कोडचे पहिले ६ आकडे जगभर सारखे असतात, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले, त्यामुळे समोरच्या देशातल्या एक्सपोर्टरने दिलेला ८ किंवा १० आकडी कोड जसाच्या तसा उचलू नका. खरं म्हणजे त्याचे पहिले ६ सुद्धा तपासून घ्या.

दुसरा त्रास नगांचा आणि वजनाचा. शिपिंग लाइनने मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या यादीत, १२ पॅलेट दिलेत, पॅकिंग लिस्टमध्ये ४८० कार्टन आहेत, तुम्ही डिक्लरेशनमध्ये ४८० टाकलंत. माल तोच, कुणी खोटं बोललेलं नाही, पण सिस्टिम आकडा आकड्याला लावून बघते आणि मॅच झाला नाही की थांबते. पूर्वी हे ऑफिसरला तोंडी समजावता यायचं, आता मॅनिफेस्टमध्ये दुरुस्ती करून घ्यावी लागते. म्हणून जहाज निघायच्या आधीच ड्राफ्ट बी/एल मागवून नग, ग्रॉस वेट, कंटेनर नंबर आपल्या कागदांशी ताडून बघा. एवढ्या एका सवयीने माझे किती दिवस वाचलेत सांगता येणार नाही.

व्हॅल्यूचं, म्हणजे ज्या किमतीवर ड्युटी लागते तिचं, थोडक्यात. प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत हा पाया, पण त्यात भर पडते. बायरने माल बनवायचा साचा फुकट पुरवला असेल तर त्याचा योग्य तो हिस्सा धरायचा, विक्रीच्या अटीत रॉयल्टी असेल तर तीही. हे इन्व्हॉइसवर कधीच दिसत नाही, विचारल्याशिवाय कळत नाही. फ्रेट आणि इन्शुरन्स धरायचं की नाही हे देशादेशावर आहे.

डिक्लरेशन फाइल केलं की सिस्टिम रिस्क बघून चॅनेल ठरवते, बहुतेक ठिकाणी ग्रीनमध्ये लगेच सुटतं, यलोमध्ये कागद तपासतात, रेडमध्ये माल उघडून बघतात. ग्रीन मिळालं म्हणजे सगळं बरोबर होतं असं धरून बसू नका. माल लवकर सोडायचा आणि तपासणी नंतर करायची अशीच आता पद्धत आहे, पोस्ट क्लिअरन्स ऑडिटमध्ये कधीतरी काही वर्षांनी विचारतील की हाच कोड का लावला, आणि तेव्हा तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून प्रत्येक कोडमागे दोन ओळींचं कारण, कुठली नोट लागली, कॅटलॉगचं पान, असं फाइलमध्ये ठेवत जा. जिथे खरंच शंका आहे तिथे ॲडव्हान्स रूलिंग घ्या, वेळ लागतो पण डोकं शांत राहतं.

आणि एक काम आत्ताच हातात घ्या. एचएसची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होतेय. २०२२ च्या बदलात ड्रोनला ८८०६ असं स्वतःचं हेडिंग मिळालं होतं, तेव्हा ज्यांच्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सगळ्या वस्तूंच्या यादीत, जुनेच कोड राहिले त्यांची डिक्लरेशनं रिजेक्ट झालेली मी पाहिलीयत. तुमच्या कंपनीचा आयटम मास्टर उघडा, सगळ्यात जास्त येणारे ५० आयटम काढा, प्रत्येकासमोर आत्ताचा कोड आणि त्याचं कारण लिहा, जुन्या-नव्या कोडचा तक्ता घेऊन त्याच्याशी ताडत जा. सिनियरने सांगायची वाट बघू नका, ही यादी ज्याच्याकडे तयार असते त्यालाच पुढे सगळे विचारायला येतात.