जर्मनीची ऑफर आली आहे? पॅकेजचं गणित आणि सहीची गोष्ट

"साठ हजार युरोंची ऑफर आहे, घेऊ का?" असं विचारणाऱ्याने तोवर साठ हजारांना रुपयाच्या दराने गुणलेलं असतं आणि घरी पेढेही वाटून झालेले असतात. म्हणून आधी तो आकडाच जमिनीवर आणू. वर्षाला ६०,००० म्हणजे महिन्याला ५,००० युरो. लग्न न झालेल्या माणसाच्या हातात त्यातले साधारण ३,१०० ते ३,२०० येतात. म्युनिकमध्ये दोन खोल्यांच्या घराचं भाडं हीटिंगसकट सहज १,५०० च्या वर जातं. लाइपझिगला बरंच कमी पडतं, पण तिथे नोकऱ्याही त्या मानाने कमी.

जे कापलं जातं त्या सगळ्याला आपले लोक सरसकट 'टॅक्स' म्हणतात आणि भारतात फोन करून बोटं मोडतात. प्रत्यक्षात साठ हजारांवर जी कपात होते, तिचा निम्म्याहून जास्त भाग कर नसतोच. आरोग्य विमा, पेन्शनचे १८.६ टक्के, बेकारी विम्याचे २.६ टक्के यांचा अर्धा वाटा तुमचा असतो आणि उरलेला अर्धा कंपनी भरते. त्या पैशात तुम्ही काय विकत घेतलं आहे ते माहीत असू द्या. आजारी पडलात तर सहा आठवडे पूर्ण पगार, पुढे विमा कंपनीकडून पगाराचा मोठा हिस्सा. सरकारी विमा असेल तर न कमावता जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात. नोकरी गेली तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के भत्ता, मूल असेल तर ६७ टक्के, अट एवढीच की आधीच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने हप्ते भरलेले असावेत.

माझं मत स्पष्ट आहे. वय सव्वीस, डोक्यावर कर्ज, पाच वर्षांत पैसे साठवून परत जायचं, असा बेत असेल तर जर्मनी तुमच्यासाठी नाही. दुसरीकडे जास्त उरतील. घरात दोन मुलं असतील किंवा कुणाचं दीर्घ दुखणं असेल, तर तोच साठ हजारांचा पगार फार वेगळा दिसतो. सरकारी शाळेला फी नाही, बहुतेक राज्यांत विद्यापीठाला फी नाही, आणि दर मुलामागे महिन्याला २५९ युरो बालभत्ता मिळतो.

आता नोकऱ्यांचं. २०१५ ते २०२२ च्या काळात आलेल्यांचे सल्ले जरा जपून घ्या, कारण तो बाजार वेगळा होता. इंग्रजीवर भागायचं, लिंक्डइनवर रोज रिक्रूटर मागे लागायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये इथल्या बेकारांचा आकडा दहा वर्षांत पहिल्यांदाच तीस लाखांच्या वर गेला. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या माणसं कमी करताहेत, म्हणजे ज्या श्टुटगार्ट परिसरात आपली निम्मी मेकॅनिकल मंडळी येतात, नेमकं तिथेच. नोकऱ्या आहेत, पण त्या जर्मन येणाऱ्याला आहेत. "ऑफिसात सगळे इंग्रजीच बोलतात" हे खरं असतं, पण पहिल्या नोकरीपुरतं. दुसरी शोधायला निघालात की दहातल्या आठ जाहिरातींत भाषेची पातळी लिहिलेली दिसते. बी-१ (ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांतली तिसरी) पातळी भारतात असतानाच करून या. इथे आल्यावर संध्याकाळी क्लास करू म्हणणारे संध्याकाळी फर्निचर जोडत बसतात.

जोडीदाराच्या करिअरचा विचार मात्र कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त संसार तिथेच कुरकुरतात. ब्लू कार्ड, म्हणजे कुशल नोकरदारांना मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना, असलेल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि पहिल्या दिवसापासून काम करायची पूर्ण मुभा असते. हे ऐकून बायको तिकडची चांगली नोकरी सोडून निघते. मुभा असते, नोकरी नसते. ती आयटीत असेल तर आज ना उद्या जमतं. शिक्षिका, वकील, फिजिओथेरपिस्ट, नर्स, डॉक्टर असेल तर आधी पदवीची मान्यता, मग भाषा. डॉक्टरला वैद्यकीय जर्मनची सी-१ दर्जाची परीक्षा आणि बहुतेक वेळा ज्ञानाची वेगळी परीक्षा द्यावी लागते, नर्सला साधारण बी-२ लागतं. यात दोन-तीन वर्षं जातात. वकिलीची पदवी तर इथे जवळपास कोरा कागद. अशा कितीतरी शिकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, ज्या पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारच्या अंधारात खिडकीशी बसून स्वतःलाच विचारतात की आपण इथे नेमकं काय करतोय. तेव्हा ऑफर एकाची असली तरी हिशेब दोघांनी बसून करा, आणि "तू आधी ये, तुझं नंतर बघू" हे वाक्य बोलू नका. तिच्या क्लासची जागा विमानाचं तिकीट काढण्याआधी पक्की करा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. नवीन आलेला माणूस इथे सगळ्यात महाग चूक करतो ती नोकरी जाताना.

होतं असं. गुरुवारी दुपारी मॅनेजर छोट्या मीटिंगला बोलावतो. आत एचआरची बाई बसलेली असते, टेबलावर दोन-तीन पानं. अतिशय गोड बोलतात. कंपनीची परिस्थिती अवघड आहे, तुमच्याबद्दल तक्रार काहीच नाही, आपण सामंजस्याने वेगळे होऊ, दोन पगार देतो, प्रमाणपत्रही छान देऊ, फक्त उद्यापर्यंत सही हवी. त्या कागदाचं नाव आउफहेबुंग्सफरट्राग, म्हणजे दोघांच्या संमतीने करार संपवणं. आपला माणूस घाबरतो. 'टर्मिनेट केलं' असा शिक्का बसेल, व्हिसा जाईल, पुढे कुणी घेणार नाही, या भीतीने तिथल्या तिथे सही करून मोकळा होतो.

करू नका. पाठ करून ठेवा: "मी हे घरी नेऊन वाचतो." एवढं एक वाक्य जर्मनमध्ये शिका, बाकी व्याकरण नंतर.

सही केली की कायद्याच्या नजरेत तुम्ही स्वतःहून नोकरी सोडली. त्यामुळे रोजगार कार्यालय बहुतेक वेळा बेकारी भत्ता बारा आठवडे रोखतं, आणि भत्त्याच्या एकूण मुदतीतूनही किमान चौथा हिस्सा कापला जातो. म्हणजे हातात पडलेले दोन पगार असे परत जातात. शिवाय कंपनीला सहजासहजी काढता आलं नसतं, ते संरक्षणही तुम्ही आपल्या हाताने देऊन टाकलं. दहाहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत सहा महिने पूर्ण झाल्यावर माणसाला काढायला कायद्यात बसणारं कारण लागतं. कारण कमजोर आहे हे कंपनीला माहीत असतं, म्हणून तर ती गोड बोलते. सहीनंतर "मला नीट कळलं नव्हतं" म्हणून मागे फिरता येत नाही. कोर्टं असं क्वचितच ऐकतात.

त्या जागी काढून टाकल्याचं पत्र आलं तर ते कागदावर आणि शाईच्या सहीने लागतं. ईमेलवरचं किंवा व्हॉट्सॲपवरचं कायद्याने चालत नाही. पत्र हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावावा लागतो. ही मुदत चुकली की दार बंद. बरेच दावे पहिल्याच तारखेला तडजोडीत मिटतात, आणि नोकरीच्या दर वर्षामागे अर्धा महिन्याचा पगार हा तडजोडीचा रूढ हिशेब आहे. नोकरी संपणार हे कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नोंदणी करा, आणि करार ठरल्याआधी संपत असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवा. भत्ता घेतला तर व्हिसावर डाग पडतो ही आपल्यातली अफवा आहे. हा भत्ता तुमच्याच हप्त्यांचा आहे. गरजूंना मिळणारी सरकारी मदत वेगळी, तिच्यामुळे मात्र परवान्याला अडचण येऊ शकते.

कायदेशीर खर्चाचा विमा इथे मिळतो. नोकरीच्या भांडणांसाठी त्याला सहसा तीन महिन्यांची प्रतीक्षा असते, त्यामुळे वास लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आल्या आल्या घ्या. कंपनीत कर्मचारी समिती असेल तर तिथल्या माणसांशी आधीपासून दोन शब्द बोलून ठेवा. आपल्याकडे युनियन म्हटलं की नाक मुरडायची सवय आहे, ती विमानातच सोडा.

पहिले सहा महिने प्रोबेशन. त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कारण न देता काढता येतं. तेवढा काळ नवी गाडी आणि महागडा सोफा थांबवा.

ब्लू कार्डाला २०२६ साठी पगाराची अट ५०,७०० युरो आहे. टंचाईच्या क्षेत्रांना आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांना ४५,९३४ च्या आसपास. आयटीत तीन वर्षांचा चांगला अनुभव असेल तर पदवीशिवायही मिळू शकतं. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलायची तर कार्यालयाला कळवावं लागतं. कायमचा परवाना बी-१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत, ए-१ वर २७ महिन्यांत. भाषा शिकायला याहून रोकडं कारण मला माहीत नाही. नागरिकत्व पाच वर्षांनी. तीन वर्षांची जलद वाट २०२५ च्या ऑक्टोबरात बंद झाली. जर्मनी आता दोन पासपोर्ट चालवून घेते, भारत घेत नाही, तेव्हा शेवटी ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो ते कार्ड.

खाजगी आरोग्य विमा विकायला तुमच्याशी पहिल्यांदा कोण बोलेल, तर मराठीच कुणीतरी. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत गाठेल. "सरकारीपेक्षा स्वस्त, डॉक्टर लगेच भेटतो." दोन्ही गोष्टी खऱ्या, तुम्ही तिशीच्या आत आणि एकटे असाल तोवर. खाजगीत प्रत्येक माणसाचा वेगळा हप्ता. लग्न झालं, बायको घरी, दोन मुलं की चार हप्ते, आणि वयाबरोबर ते चढत जातात. पंचावन्न ओलांडल्यावर सरकारी विम्यात परतणं जवळजवळ अशक्य. २०२६ मध्ये वर्षाला ७७,४०० च्या वर पगार असेल तरच नोकरदाराला हा पर्याय खुला होतो, आणि पगार तिथवर पोचला की विकणाऱ्याला कसं कळतं देव जाणे. हीच मंडळी पुढे गुंतवणुकीचा फ्लॅटही विकतात. त्यांच्या घरी चहा घ्या, कागदावर सही करू नका.

घर मिळेपर्यंत तात्पुरत्या जागेत राहाल, तेव्हा घरमालक पत्त्याच्या नोंदणीसाठी कागद देतो का ते आधी विचारा. नोंदणी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. टपालपेटीवर स्वतःचं नाव चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, कर क्रमांक येत नाही, आणि तो नसला की पगारावर सगळ्यात जड म्हणजे सहाव्या वर्गाचा कर लागू शकतो. इथे सगळं पत्राने येतं आणि प्रत्येक पत्रात एक तारीख असते. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. घरात स्वयंपाकघर नसेल, नुसत्या भिंती आणि नळ असतील. दचकू नका.

भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स सहा महिने चालतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. रेडिओ-टीव्हीचे महिना १८.३६ युरो घरामागे द्यावेच लागतात, टीव्ही असो वा नसो.

राहणीमानाबद्दल विचाराल तर मला सगळ्यात मोलाची वाटते ती सुट्टी. कायद्याने वीस दिवस, पण बहुतेक कंपन्या तीसच्या आसपास देतात, आणि सुट्टीत कुणी फोन करत नाही. तुम्हीही करू नका. आपलीच काही मंडळी रात्री दहाला ईमेल टाकून छाप पाडायला बघतात आणि वाईट छाप पाडतात. उलट बाजूही ऐका. तज्ज्ञ डॉक्टरची वेळ महिन्यांनी मिळते. पहिल्या वाढदिवसापासून मुलाला पाळणाघराच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण जागा शहरात शोधून सापडत नाही, म्हणून बाळ पोटात असतानाच नाव घाला. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची शाळा वेगवेगळ्या वाटांनी जाते. उशिरा आलेल्या मुलाचं जर्मन कच्चं असेल तर तो हुशार असूनही खालच्या वाटेला लागू शकतो. आठ-नऊ वर्षांचं मूल घेऊन येणाऱ्यांनी यावर पगारापेक्षा जास्त विचार करावा. स्वस्त तिकिटासाठी शाळा बुडवून चार दिवस आधी निघता येत नाही, दंड होतो.

आई-वडिलांचं विचारणारे शेवटी विचारतात, पण रात्री झोप त्यावरच उडते. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा ब्लू कार्ड किंवा कुशल कामगाराचा परवाना मिळालेल्यांना आई-वडील बोलावण्याची सोय कायद्यात आहे. मात्र त्यांचा पुरेसा आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या माणसाला परवडेल असा विमा द्यायला कंपन्या पुढे येत नाहीत. बहुतेकांच्या नशिबी नव्वद दिवसांचा व्हिसाच येतो. एकुलते एक असाल तर हे ऑफर स्वीकारण्याआधी बोला, पाच वर्षांनी दवाखान्यातून फोन आल्यावर नको.

निघताना लग्नाचा आणि जन्माचे दाखले घ्या, पण अपॉस्टिलच्या (कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर मिळणाऱ्या प्रमाणीकरणाच्या शिक्क्याच्या) एजंटला पैसे मोजण्याआधी थांबा, भारताच्या अपॉस्टिलला जर्मनीने मान्यता दिलेली नाही. मुलांच्या लसीकरणाचं पुस्तक विसरू नका. गोवराच्या लसीचे डोस कागदावर दाखवल्याशिवाय पाळणाघरात प्रवेश मिळत नाही, आणि शाळेतही तो दाखला मागतात.