रीफ टँकमध्ये नायट्रेट-फॉस्फेट झिरो करायच्या मागे लागू नका

नाशिकला समुद्र नाही, त्यामुळे रीफ टँकचं (कोरल म्हणजे प्रवाळ ठेवतात त्या खाऱ्या पाण्याच्या टँकचं) पाणी घरीच बनवावं लागतं आणि अर्धं काम तिथेच होतं किंवा बिघडतं. नळाला गंगापूर धरणाचं पाणी येत असो नाहीतर बोअरचं, त्यात डायरेक्ट मीठ टाकू नका, प्यायच्या आरओचं पण नको, त्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) उरतोच. आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारे दाणे) लावा, मीटरवर 0 आलं पाहिजे, आकडा वर सरकायला लागला की रेझिन बदला.

माशांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून पाण्यात साठणारं नायट्रेट साधारण 5 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1, एवढ्यात असेल तर हात लावू नका. दोन्ही झिरो आले म्हणजे टँक स्वच्छ असं अजिबात नाही, कोरल फिक्के पडतात आणि वाळूवर तपकिरी चिकट थर येतो, त्यात बुडबुडे अडकलेले दिसले तर बहुतेक डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव), आणि ते शेवाळापेक्षा खूप त्रास देतात. अशा वेळी खाणं वाढवा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) कमी चालवा.

फॉस्फरसचा डिजिटल चेकर पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग) रीडिंग देतो, त्याला 3.066 ने गुणून 1000 ने भागायचं, म्हणजे 20 दिसलं तर फॉस्फेट 0.06 झालं. काचेची कुपी बाहेरून नीट पुसा, बोटाचा ठसा राहिला तरी आकडा चुकतो.

नायट्रेट-फॉस्फेट वाढलेलं असेल तर आधी खाण्याकडे बघा. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव, माशांचं खाणं) चहाच्या गाळणीत आरओच्या पाण्याने धुवून द्या, स्किमरचा कप आणि मान साफ ठेवा, आठवड्याला 10 टक्के पाणी बदला, संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) जागा असेल तर नायट्रेट-फॉस्फेट शोषणारं कीटो शेवाळ लावा आणि त्याचा लाइट रात्री चालू ठेवा म्हणजे पीएच पण फार पडत नाही. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) शेवटी, आणि तोही अर्ध्या डोसने, कारण फॉस्फेट एकदम खाली आलं की एसपीएस (छोट्या पॉलिपचे कडक कोरल) बुडापासून सोलायला लागतात. दगडात मुरलेलं फॉस्फेट परत पाण्यात येत राहतं, त्यामुळे आकडा पुन्हा वर गेला तर घाबरून डोस डबल करू नका.

व्होडका किंवा व्हिनेगर डोसिंग (नायट्रेट-फॉस्फेट खाणारे बॅक्टेरिया वाढवायला ते थोडं थोडं पाण्यात घालणं) मात्र एप्रिल-मेमध्ये सुरू करू नका प्लीज. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात बॅक्टेरिया वाढून उरलेला खातात, आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली तर मासे जातात. बॅटरीवरचा एअर पंप तर बाराही महिने घरात हवाच.