पाटीवरचं ‘स्थापना’ साल: घरच्या जुन्या स्टोअरचा इतिहास कसा लिहावा

अमृतमहोत्सव जवळ आला की स्मरणिकेची तयारी सुरू होते आणि पाटीवर रंगवलेलं साल सगळे गृहीत धरतात. घोटाळा तिथूनच सुरू होतो. ते साल पहिला गाळा भाड्यानं घेतल्याचं असू शकतं, भागीदारीपत्राचं असू शकतं, नाहीतर कापडाच्या जोडीला भांडी, खेळणी, स्टेशनरी ठेवून ‘स्टोअर’ झालं तेव्हाचं. तिन्ही सालं वेगळी लिहा आणि प्रत्येकापुढे कोणत्या कागदावरून ठरवलं ते नोंदवा. गुमास्ता परवान्यावर विसंबू नका. दुकानांचा तो कायदा १९४८ चा होता (२०१७ मध्ये त्याच्या जागी नवा आला). त्याआधीच्या दुकानाचा परवानाही नंतरचाच निघणार.

आधी चोपड्या काढा. किर्दीत रोजची जमा-नावे असते, खतावणीत खातेवार हिशेब. नवा विभाग कधी सुरू झाला हे खतावणीत नव्या मालाचं खातं कधी उघडलं त्यावरून कळतं. त्याच सुमाराच्या किर्दीत सुताराची मजुरी, काचेचं कपाट, विजेची फिटिंग शोधा. काउंटर वाढल्याचा इतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

वर्ष बदलताना चूक होते. पाडव्याला पूजलेली वही दिवाळी ते दिवाळी चालते. तिच्यावर विक्रम संवत असेल तर पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. म्हणजे संवत २००५ ची वही १९४८ च्या दिवाळीला सुरू होते. शके असेल तर ७८ मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या महिन्यांसाठी ७९. मोडीतली पानं अंदाजानं वाचू नका, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. आकड्यांची गल्लत तिथेच जास्त होते.

तारीख नसलेली बिलं, पिशव्या, कॅलेंडरं टाकून देऊ नका. आणे-पै दिसले तर कागद बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. बहुधा, कारण जुनी छापील बिलबुकं संपेपर्यंत वापरली जात. ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचा. शेर-मण जाऊन किलो १९५८ ते १९६२ मध्ये टप्प्याटप्प्यानं आला. पत्त्यात नुसतं ‘पुणे ३०’ असेल तर कागद बहुधा पिनकोडाच्या आधीचा, आणि ४११०३० असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा नक्की. एका खुणेवर साल ठरवू नका. दोन जुळल्या तरच लिहा, नाहीतर ‘सुमारे’ म्हणा.

घराबाहेरचे कागदही लागतात. भागीदार कधी आले-गेले हे निबंधक, भागीदारी संस्था यांच्याकडच्या उताऱ्यात सापडतं (फर्मची नोंदणी झालेली असेल तर), जागेची मालकी नगर भूमापनच्या मिळकत पत्रिकेत. गणेश मंडळांचे जुने अहवाल आणि दिवाळी अंक जरूर चाळा: त्यातल्या जाहिरातीत दुकानात काय मिळतं याची यादीच असते, शिवाय अंकावर साल असतं.

आठवणी सर्वांत शेवटी घ्या. जुन्या दिवाणजींना ‘कोणत्या साली?’ विचारलं तर ते पाटीवरचंच साल सांगतील. दुकानाचा नकाशा कागदावर काढून समोर ठेवा आणि विचारा: गल्ला कुठे होता, त्यावर कोणते काका बसायचे, साड्यांची गादी कधी उचलली? वाटणीचा विषय दोन्ही शाखांकडून स्वतंत्रपणे ऐका. जुळलं नाही तर दोन्ही बाजू छापा. एक गाळली की स्मरणिका निम्म्या घराची राहते.

कागद हाताळताना टाचण्या आधी काढा, गंज पान खातो. सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर कधीच करू नका, ते परत निघत नाही. कागद ३०० डीपीआयवर, फोटो ६०० वर स्कॅन करा. फोटोमागची स्टुडिओची मोहरही स्कॅन करा. अलीकडची थर्मल बिलं आधी घ्या. त्यांवरची अक्षरं काही वर्षांत उडतात.