वर्षातला आपला सर्वांत आवडता गेम कसा निवडायचा

वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ गेम ठरवायला जगभरचे परीक्षक बसलेले असतात. ‘द गेम अवॉर्ड्स’ या वार्षिक पुरस्कारांमध्ये ९० टक्के वजन परीक्षकांच्या मतांना आणि १० टक्के खेळाडूंच्या मतांना असतं. त्यातून २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’, २०२४ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ आणि २०२५ मध्ये ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३’ ही नावं निघाली. अनेकांची मतं जिथे जुळली ते हे गेम. तुमचा आवडता गेम यांपैकी असेलच असं नाही, आणि त्याचा माग तुमच्याच खेळण्यात काढावा लागतो. अडचण अशी की डिसेंबरमध्ये नुसतं आठवायला बसलं, तर डोळ्यांसमोर येतात ते शेवटच्या दोन महिन्यांतले गेम आणि ज्यांची यूट्यूबवर सर्वांत जास्त चर्चा झाली ते. फेब्रुवारीत तुम्हाला पहाटेपर्यंत जागवणारा गेम यादीत येतच नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नोंदी, मग आठवणी, मग निवड. सगळं मिळून तीन संध्याकाळी लागतात, आणि मध्ये एक आठवडा मोकळा सोडावा लागतो.

वर्ष कोणतं धरायचं

पुरस्कारांना प्रकाशनाची तारीख बघावी लागते. तुम्हाला त्याची गरज नाही. ‘द विचर ३’ २०१५ मध्ये आला; तुम्ही तो या वर्षी पहिल्यांदा खेळला असाल तर तुमच्यासाठी तो याच वर्षाचा. नियम साधा करा: १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात किमान दोन तास खेळलेला किंवा पूर्ण केलेला प्रत्येक गेम पात्र. ‘पूर्ण केलेला’ हे मुद्दाम म्हटलंय, कारण ‘अ शॉर्ट हाइक’सारखा गेम दीड-दोन तासांत संपतो आणि नुसत्या तासांच्या अटीने तो बाहेर पडेल. नव्या गेमांची वेगळी निवड करायची असेल तर दुसरी यादी करा. दोन्ही एकत्र केल्या की नव्याला ‘यंदाचा आहे’ म्हणून आणि जुन्याला ‘अभिजात आहे’ म्हणून उगाच झुकतं माप मिळतं.

अर्ली अ‍ॅक्सेसचा घोळ इथेच मिटवा. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० मध्ये अर्धवट रूपात मिळू लागला आणि पीसीवर पूर्ण झाला तो ३ ऑगस्ट २०२३ ला. ‘हेडीस २’चं तसंच: मे २०२४ ला सुरुवात, पूर्ण आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये. ज्या वर्षी तुम्ही शेवटापर्यंत पोहोचलात, ते वर्ष धरा. अर्धवट रूपातच सोडून दिला असेल तर खेळलात ते वर्ष.

विस्तारांबाबत (मूळ गेमला नंतर जोडलेले भाग) २०२४ मध्ये मोठा वाद झाला होता, ‘एल्डन रिंग’चा ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ हा विस्तार मुख्य पुरस्काराच्या नामांकनात आला तेव्हा. घरच्या यादीत उत्तर सोपं आहे. यंदाचा तुमचा बहुतेक वेळ विस्तारात गेला असेल तर विस्ताराचं नाव लिहा, आणि मूळ गेमचं जुनं प्रेम त्याच्या खात्यात टाकू नका. बीजीएमआय या मोबाइलवरच्या शूटिंग गेमसारख्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या गेमलाही हेच लागू. या बारा महिन्यांतल्या मॅच, या वर्षीचे अपडेट, या वर्षीचं स्क्वॉड, एवढंच मोजायचं.

नोंदी कुठे सापडतात

स्टीम या पीसी गेमांच्या ऑनलाइन दुकानात लायब्ररी ‘शेवटचं कधी खेळलं’ या क्रमाने लावा आणि जानेवारीपर्यंत खाली जा. तिथे दिसणारे तास एकूण असतात, या वर्षापुरते नसतात. ते वेगळे काढायचे तर त्या गेमच्या अचीव्हमेंटच्या (टप्पे गाठल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यांच्या) पानावर जा; प्रत्येकापुढे मिळाल्याची तारीख असते, त्यावरून कोणत्या महिन्यात कुठवर पोहोचला होतात ते कळतं. २०२२ पासून स्टीम डिसेंबरमध्ये ‘स्टीम रिप्ले’ नावाचा वार्षिक हिशेब देतं. तो उपयोगी आहे, पण तो डिसेंबरच्या मध्यावर थांबतो आणि ऑफलाइन मोडमध्ये घालवलेला वेळ त्यात येत नाही. प्रवासात लॅपटॉपवर बराच खेळ होत असेल तर हा फरक मोठा पडू शकतो.

पीएस५ वर प्रोफाइलमधल्या गेमांच्या यादीत प्रत्येकाचे एकूण तास दिसतात. वर्ष वेगळं करायला ट्रॉफींच्या, म्हणजे तिथल्या अचीव्हमेंटच्या, तारखा बघा. स्विचवर पहिले दहा दिवस फक्त ‘किती दिवसांपूर्वी पहिल्यांदा खेळलं’ एवढंच दिसतं, नंतर तास दिसतात तेही पाच-पाचच्या टप्प्यांत. फोनची स्थिती सर्वांत वाईट. वापराचा हिशेब गेल्या काही आठवड्यांपुरता सापडतो आणि काढून टाकलेला गेम विस्मरणात जातो. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून ‘मॅनेज अ‍ॅप्स अँड डिव्हाइस’मध्ये जा, तिथल्या यादीत ‘इन्स्टॉल्ड’ऐवजी ‘नॉट इन्स्टॉल्ड’ निवडा. विसरलेले अर्धे गेम तिथे मिळतात.

एवढ्यावर तीन प्रकारचे गेम तरीही सुटतात: मित्राच्या घरी खेळलेले, गेम पास किंवा पीएस प्लसच्या वर्गणीतून येऊन निघून गेलेले, आणि ब्राउझरवर खेळलेले. त्यांच्यासाठी फोनच्या गॅलरीतले स्क्रीनशॉट आणि मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधली जुनी चॅट चाळा. चॅट तर जरूर चाळा. गेम चालू असतानाचं तुमचं खरं मत तिथे तारखेसकट पडलेलं असतं, आणि डिसेंबरमध्ये आठवणाऱ्या मतापेक्षा ते जास्त विश्वासाचं असतं.

तासांवर विसंबू नका

यादी तयार झाली की सगळ्यात जास्त तासांच्या गेमवर बोट ठेवायचा मोह होतो. तास फसवतात, आणि त्याची कारणं साधी आहेत. गेम पॉज करून जेवायला गेलात तरी घड्याळ चालूच राहतं. रँक टिकवायला किंवा रोजचं बक्षीस घ्यायला उघडलेला गेम सवयीचा असतो; सवय आणि आवड यांतला फरक ओळखायचा तर स्वतःला विचारा, रोजची बक्षिसं उद्या बंद झाली तर हा गेम उघडेन का? शिवाय लांबी गेमनुसार बदलते. शंभर तासांच्या मुक्त जगाच्या (ओपन वर्ल्ड) गेममध्ये ३० तास घालवणं म्हणजे कदाचित अर्ध्यात कंटाळणं, आणि पाच तासांच्या गेममध्ये नऊ तास घालवणं म्हणजे तो पुन्हा खेळणं.

पैशाचंही तसंच. चार-पाच हजार रुपये मोजलेल्या गेमची बाजू आपण नकळत घेतो, आणि फुकट मिळालेल्याला हलकं समजतो. यादीत किंमत लिहूच नका.

आता छाटणी. प्रत्येक नावासमोर, न थांबता, गेममधला एक ठरावीक प्रसंग लिहा: ठिकाण, बॉस, एखादा डाव, एखादं वाक्य. ‘ग्राफिक्स भारी’ चालणार नाही. ‘बॅलाट्रो’ हा पत्त्यांचा गेम असेल तर कोणत्या जोकरने कोणता डाव वाचवला ते लिहा. अर्ध्या मिनिटात काहीच सुचलं नाही तर तो गेम बाजूला काढा. या एका चाळणीने तीसची यादी बहुधा आठ-दहावर येते. मग उरलेल्यांना दोन प्रश्न विचारा: गेम बंद असतानाही त्याचा विचार डोक्यात चालू होता का, आणि कुणी न विचारताच त्याबद्दल कुणाला सांगितलं का? दोन्हींना ‘नाही’ असेल तो गेम काढून टाका. सहा नावं उरली की थांबा.

गुण देऊ नका, जोड्या लावा

कथा दहापैकी, संगीत दहापैकी, लढाई दहापैकी अशी कोष्टकं करून बेरीज करणं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग. आवडलेल्या गेमांना सगळीकडे सात ते नऊ पडतात, फरक अर्ध्या गुणाचा उरतो, आणि मग मनातला गेम वर यावा म्हणून आपणच आकडे हलवतो. शिवाय ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ या रहस्य उलगडण्याच्या गेममध्ये लढाईच नाही, तिला शून्य द्यायचं का?

त्याऐवजी सहा गेमांच्या सहा चिठ्ठ्या करा. दोन-दोन समोर ठेवा आणि प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारा: या दोघांपैकी एकाची आठवण पुसून जाणार असेल, तर कोणती राखून ठेवेन? दहा सेकंदांत उत्तर द्या, जिंकलेल्या चिठ्ठीवर एक रेघ मारा, आणि कारणाचा एकच शब्द वहीत लिहा. सहा गेमांच्या १५ जोड्या होतात, पंधरा मिनिटांत संपतात. आठ ठेवले तर जोड्या २८ होतात आणि शेवटच्या दहा उत्तरांत थकवा दिसतो, म्हणून सहाच.

आठवड्याने हेच पुन्हा करा, पण डावी चिठ्ठी उजवीकडे ठेवून आणि जोड्यांचा क्रम उलटा करून. आधी नजरेस पडणाऱ्या नावाला थोडा फायदा मिळतो, तो त्यामुळे कटतो. पहिल्या तीनमध्ये दोन्ही वेळा तेच गेम आले तर निकाल भक्कम आहे.

कधी कधी गोल फिरतं: पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा पहिल्याला. यात तुमचं मन चंचल आहे असं नाही. प्रत्येक जोडीला तुम्ही वेगळी मोजपट्टी लावलीत. वहीतले कारणाचे शब्द बघा. दोन ठिकाणी ‘कथा’ आणि एका ठिकाणी ‘मित्र’ असेल, तर ती तिसरी जोडी कथेवर पुन्हा तोला. तरीही उत्तर तेच आलं, तर या वर्षी तुम्हाला मित्रांबरोबर खेळणंच जास्त भावलंय, मग तिन्ही जोड्या त्याच मापाने लावा.

पहिल्या तिघांना पुन्हा भेटा

तिसऱ्या संध्याकाळी प्रत्येकाला अर्धा तास द्या. आदल्या रात्री तिन्ही अपडेट करून ठेवा, नाहीतर ४०-५० जीबीच्या डाउनलोडमध्ये संध्याकाळ जाईल. सुरुवातीच्या ट्युटोरियलपासून खेळू नका; मधला सेव्ह उघडा आणि आधी नव्या स्लॉटमध्ये जतन करा, म्हणजे जुनी प्रगती पुसली जाणार नाही. ‘सेकिरो’सारख्या हाताच्या सवयीवर चालणाऱ्या गेममध्ये सहा महिन्यांनी पहिली पंधरा मिनिटं नुसती मार खाण्यात जातात. ती मोजू नका. त्यानंतरचा अर्धा तास धरा.

काही गेमांवर ही परीक्षा लादणं अन्यायाचं ठरतं. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये २२ मिनिटांचं कालचक्र पुन्हा पुन्हा फिरतं आणि प्रत्येक फेरीत तुम्ही फक्त ज्ञान बरोबर नेता. रहस्य एकदा उलगडलं की तो पहिला थरार परत येत नाही. ओब्रा डिनचंही तेच. अशा गेमसाठी पुन्हा खेळण्याऐवजी दुसऱ्या कुणाला तो पहिल्यांदा खेळताना अर्धा तास बघा. मध्ये न बोलता गप्प बसणं जड जात असेल, तर त्या गेमची पकड अजून आहे.

शेवटाची छाया ओळखायलाही ही संध्याकाळ लागते. माणूस अनुभवाची आठवण ठेवतो ती त्यातल्या टोकाच्या क्षणावरून आणि शेवटावरून. मधले तास फारसे मोजले जात नाहीत. त्यामुळे सुंदर शेवट असलेला पण मध्ये वीस तास रेंगाळलेला गेम वर चढतो, आणि शेवट फसलेला चांगला गेम खाली जातो. मधला सेव्ह उघडायला सांगितलं ते याचसाठी.

जिथे निवड हमखास चुकते

डिसेंबरात सुरू केलेला गेम. नवेपणाचा अंमल उतरायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून निकाल ३१ डिसेंबरला लावूच नका, संक्रांतीपर्यंत थांबा. १० डिसेंबर २०२० ला आलेला ‘सायबरपंक २०७७’ हे याचं मोठं उदाहरण: आला तेव्हा इतका बिघडलेला की सोनीने तो काही महिने आपल्या स्टोअरवरून काढला होता, आणि सप्टेंबर २०२३ च्या अपडेटनंतर त्याच वर्षी त्याला ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम चालू गेमचा (प्रकाशनानंतरही सतत सुधारत जाणाऱ्या गेमचा) पुरस्कार मिळाला. तुम्ही जो खेळलात, ज्या यंत्रावर, ज्या अवस्थेत, त्यावरच ठरवा. नंतर सुधारलेल्या गेमला उधारीवर गुण देऊ नका.

इतरांच्या याद्या. पहिल्या जोड्या लावून होईपर्यंत त्या उघडू नका. नंतर जरूर वाचा; एखादं विसरलेलं नाव सापडलं तर ते यादीत घेऊन जोड्या पुन्हा लावा.

आपलेपणा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ २०२० मध्ये आला आणि त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमांत त्याला नामांकन मिळालं. समीक्षकांनी त्याच्या चित्रशैलीचं कौतुक केलं, लढाईत उणिवा काढल्या. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडणारी गोष्ट ऐकताना तुम्हाला घरचं काही सापडलं असेल, तर तो आनंद तुमच्या निवडीत पुरा धरा, त्याबद्दल संकोच नको. फक्त ‘आपल्याकडचा आहे म्हणून’ एवढंच कारण वहीत लिहिलं जात असेल, तर प्रसंगाची चाळणी त्यालाही लावा.

निवड झाली की तारखेसह तीन ओळी लिहून ठेवा: गेमचं नाव आणि यंत्र, लक्षात राहिलेला प्रसंग, आणि दुसरा आलेला गेम कशामुळे हरला. त्याच पानाखाली पुढच्या वर्षाची नोंद सुरू करा. प्रत्येक गेमबद्दल तीन वेळा एकेक ओळ पुरते: दोन तासांनंतर, मध्यावर आणि संपल्यावर. दोन तासांचा टप्पा स्टीमवर तसाही कामाचा आहे, कारण खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. घड्याळ एक तास पन्नास मिनिटांवर आलं की ती पहिली ओळ लिहा.