बाळंतिणीच्या मालिशची तयारी, सातव्या महिन्यापासून

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे सातवा लागला की आईच्या घरी डब्यांची जमवाजमव सुरू होते. डिंक, अळीव, सुंठ, ओवा, बाळंतशेपा ही यादी आजीला तोंडपाठ असते. मालिशचं मात्र ‘बाई मिळेलच’ एवढ्यावर सोडून देतात आणि बाळ घरी आल्यावर गल्लीभर विचारत फिरतात. म्हणून चोळणाऱ्या मावशींना आत्ताच सांगून ठेवा. तारीख दसरा-दिवाळीच्या आगेमागे असेल तर नक्कीच, कारण कापूस वेचणी लागली की बऱ्याच बाया सकाळीच शेतात जातात. त्या कोणत्या वेळेला येणार, हे आधी ठरलेलं बरं.

मावशींना बोलावण्याआधी मुलीची फाइल घेऊन डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात हलकी मालिश कंबर-खांद्यांना आराम देते, पण वार (प्लासेंटा) खाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, ताप असेल किंवा बीपी १४०/९० किंवा त्याहून वर जात असेल तर हात लावायचाच नाही. पोट चोळून बाळ ‘सरळ करणं’ हा प्रकार तर दारातच थांबवा. पाय सुजले म्हणून तेल लावायला बसण्याआधीही नीट बघा. दोन्ही पावलं संध्याकाळी थोडी सुजली तर ते नेहमीचं. एकच पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, तर आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती चोळणं जिवावर बेतू शकतं. हा धोका बाळंतपणानंतरही निदान सहा आठवडे राहतो, म्हणून पोटऱ्यांवर जोर कधीच नको. चेहरा सुजला, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपवून मालिश नको. पोटाचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि चक्कर येते. डाव्या कुशीवर झोपवायचं, एक उशी पोटाखाली, एक गुडघ्यांमध्ये. त्यासाठी दोन जादा उशा आणि तेलाने खराब झाल्या तरी चालतील अशा जुन्या सुती चादरी काढून ठेवा.

तेलाचं फार मनावर घेऊ नका. घाण्याचं शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल आपल्याकडे सहज मिळतं आणि बाळंतिणीला तेवढं पुरतं. बाळासाठी साधं खोबरेल, वासाचं नको. थंडीत ते गोठतं, तेव्हा वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ करा, विस्तवावर नाही. कोणतंही नवं तेल आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा.

आता शेगडी. माझं मत विचाराल तर एप्रिल-मेचं बाळंतपण असेल तेव्हा शेक-शेगडी यादीतून सरळ काटा. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास गेलेला असतो, वरून पत्र्याची खोली, दारं-खिडक्या बंद आणि खाटेखाली निखारे! बाळंतीण घामाने सुकते, बाळाचं अंग तापतं आणि घरचे म्हणतात ताप आला. शिवाय बंद खोलीत कोळसा किंवा गोवरी धुमसली की जो वायू साचतो त्याला वासही नसतो, त्याने माणूस झोपेतच जातो. थंडीतही शेगडी खोलीत ठेवून झोपू नका. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून कंबरेला दिली तरी शेक तोच. धुरीबद्दल आजीशी वाद होणार, तो डॉक्टरांसमोरच होऊ द्या.

न्हाणीत पाटाऐवजी प्लास्टिकचं उंच स्टूल ठेवा, टाके असले की पाटावर उकिडवं बसवत नाही. सिझर असेल तर पोट आणि टाके निदान सहा आठवडे तसेच सोडा. हात, खांदे, पाठ, डोकं कधीपासून चोळायचं ते टाके पाहून डॉक्टर सांगतील. पोट बांधायला जुनं सुती लुगडं हवं असेल तर ठेवा, पण श्वास अडेल इतकं आवळू नका. गर्भाशय सहा आठवड्यांत आपोआप जागेवर येतं, लुगड्याने ते लवकर येत नाही. एका तासात पॅड पूर्ण भिजू लागला किंवा ताप आला, तर मालिश बंद आणि १०८ ला फोन.

बाळाच्या बाबतीत मावशींशी आधीच बोलून घ्या, नंतर हात थांबवणं अवघड जातं. नाळ पडेपर्यंत तिच्यावर तेल, हळद, राख काही नको, कोरडी ठेवायची. नाकात-कानात तेलाचे थेंब नकोत, नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं. टाळूला हलका हात, दाबणं नाही. मुलाच्या किंवा मुलीच्या छातीला गाठ येऊन थेंबभर दूध दिसलं तर ते पिळायचं नाही, आईच्या हार्मोनमुळे येतं आणि आपणच जातं. पिळलं तर तिथे पू होतो. मावशींची नखं कापलेली, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या, हात साबणाने धुतलेले असावेत. हे आशाताईंकडून सांगवलं तर कुणाला राग येत नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं तर त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, तेव्हा मावशी आणि त्या एकाच वेळी घरात असतील असं जमवा.

शेवटी पैसे. आई आणि बाळ मिळून रोजचे किती, सुट्टीचे कापायचे की नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. सव्वा महिन्याला साडी-नारळ देतातच, पण तो मजुरीवर, मजुरीच्या बदल्यात नाही.